सहा नंबरच्या तळ्यावरचे पिवळे पाय

तिला सगळे ‘नक्की-नाही ताई’ म्हणत. तोंडावर नव्हे, तोंडावर नुसतंच ताई. पण तिची पाठ वळली की पक्षीनिरीक्षकांच्या मंडळात कुणीतरी मान तिरकी करून, डोळे बारीक करून, अगदी तिच्या आवाजात म्हणायचंच, “तसं वाटतंय खरं... पण नक्की नाही!” आणि हशा पिकायचा. हे तिच्या कानावर गेलं होतं. तिला राग नव्हता. खरं तर मनातून जरा बरंच वाटायचं, पण हे ती कुणाला सांगणार?

शहराचं सगळं सांडपाणी जिथे येऊन निवळतं आणि मग खाडीत सोडलं जातं, त्या केंद्राच्या प्रयोगशाळेत ती सव्वीस वर्षं नोकरी करत होती. काम सांगायला सोपं. रोज सकाळी सहा तळ्यांना फेरी मारायची, लांब दांड्याच्या भांड्यानं प्रत्येक तळ्यातलं पाणी काढायचं, नंबर टाकलेल्या बाटल्यांत भरायचं आणि मग दिवसभर त्या पाण्यात काय काय आहे ते तपासून तक्त्यात लिहायचं. वासाचं म्हणाल तर पहिली दोन वर्षं तिला डबा जात नव्हता, तिसऱ्या वर्षी वास यायचाच बंद झाला. इतरांना मात्र येत असावा, कारण बसमध्ये तिच्या शेजारची जागा बऱ्याचदा रिकामी राहायची. त्यात तिला काही वावगं वाटत नसे. पिशवी ठेवता यायची.

पक्ष्यांचा नाद तिला लावला पोस्टमनकाकांनी. केंद्राचं टपाल घेऊन ते रोज सायकलवर यायचे, आणि त्यांच्या थैलीत पत्रांच्या खाली एक जुनी दुर्बीण असायची. एका हिवाळ्यात त्यांनी तिला तळ्याच्या काठावर बाटली भरताना पाहिलं आणि राहवेना म्हणून विचारलं, “अहो बाई, पाण्यात एवढं बघता, पाण्यावर कधी बघता की नाही? की डोळे अर्धेच कामावर आणता?” त्यांनी दुर्बीण तिच्या हातात दिली. समोर हजार मैल उडून आलेली बदकं गटाराच्या पाण्यात मजेत डुंबत होती. तिनं त्या दिवशी बाटल्यांचे नंबर चुकवले, आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं.

त्यानंतर दर हिवाळ्यात सकाळच्या फेरीत ती पाण्याबरोबर पक्षीही मोजायला लागली. काका म्हणाले म्हणून मंडळाला तक्ते पाठवायला लागली. तक्त्यात पक्ष्याचं नाव, संख्या, वेळ आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. मंडळातल्या हौशी माणसांना दोन-चार दुर्मिळ पक्षी दिसल्याशिवाय हिवाळा गोड लागत नसे. ढग आला की त्यांना गरुड दिसायचा. हिच्या शेऱ्याच्या रकान्यात मात्र जरा शंका आली की दोनच शब्द असत: नक्की नाही. मंडळाचे अध्यक्ष वकील होते, तालेवार माणूस, आवाज असा की कुजबुज केली तरी भाषण वाटावं. ते म्हणायचे, “ताई ज्या दिवशी नक्की म्हणतील, त्या दिवशी मी डोळे मिटून सही करीन. पण त्या म्हणतच नाहीत, हाच तर घोटाळा आहे!”

नोकरीतही तिचं तेच. एकदा वरून तपासणी यायची होती आणि तीन नंबरच्या तळ्याचा आकडा वाईट आला होता. केंद्राचे साहेब प्रयोगशाळेत येऊन गोड आवाजात म्हणाले, “ताई, आकड्याला जरा समजावून सांगा ना.” ती म्हणाली, “आकडा ऐकत नाही साहेब.” या एका वाक्यासाठी तिला आठ महिने जुन्या कागदांच्या कोठीत बसवलं. तिथे ती आणि पाली. आठ महिन्यांनी परत आली ती तशीच्या तशी.

अशा बाईला एका हिवाळ्यात ‘नक्की’ म्हणायची दुर्बुद्धी झाली, त्याची ही गोष्ट.

त्या वर्षी सहा नंबरचं तळं बुजवायचं ठरलं. केंद्रात नवी मोठी टाकी झाली होती, सहाव्या तळ्याची गरज उरली नव्हती आणि शहराला कचऱ्याच्या गाड्या उभ्या करायला जागा हवी होती. यात खोटं काहीच नव्हतं. गाड्या रस्त्यावर उभ्या राहत होत्या, लोक बोंबा मारत होते. पण सहा नंबर म्हणजे पाखरांचं माहेर. बाकीच्या पाच तळ्यांना सरळ भिंती, याचा काठ मात्र चिखलाचा, उथळ, पसरट. लांब पायांचे, आखूड पायांचे, चोच खुपसणारे, चोच फिरवणारे, सगळे इथेच उतरत. तिनं मोजले होते, एका सकाळी चार हजारांच्या वर.

वकिलांनी हरकत घेतली. सुनावणीच्या अधिकाऱ्यांनी ती वाचली आणि विचारलं, “पक्षी सगळीकडेच असतात. इथे विशेष काय?”

वकिलांनी उत्तर द्यायला मुदत मागून घेतली.

आणि पंधरा दिवसांनी तो कुरव आला. कुरव म्हणजे किनाऱ्यावर नेहमी दिसणारा तो पांढरा-करडा, भांडखोर समुद्रपक्षी. हिवाळ्यात शेकड्यांनी येतात, त्यांचं कौतुक कुणालाच नसतं. हा त्यांच्यातच पण जरा बाजूला, तळ्याच्या रसायनकोठीकडच्या कोपऱ्यात उभा होता. अंगानं थोराड. पाठ थोडी गडद. डाव्या पंखात एक पीस कमी, उजव्या पायाच्या बोटांमधला पडदा फाटलेला. आणि पाय पिवळे. इथल्या नेहमीच्या थोराड कुरवांचे पाय गुलाबी असतात. पिवळ्या पायांचा तो दूर उत्तरेचा, वेगळ्याच वाटेनं जाणारा. या किनाऱ्यावर काकांनीसुद्धा उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

तिनं तीन दिवस बघितलं. सकाळच्या उन्हात, ढगात, पाठीमागून, समोरून. पाय पिवळेच. चौथ्या दिवशी तिनं प्रयोगशाळेतून वकिलांना फोन लावला. “वकीलसाहेब, सहा नंबरवर पिवळ्या पायांचा कुरव आहे.”

“वाटतोय की आहे?”

खिडकीतून तिला तळ्याच्या काठावर रोवलेल्या लाल खुणा दिसत होत्या, भराव कुठपर्यंत टाकायचा त्याच्या. ती म्हणाली, “नक्की.”

मग जे व्हायचं ते झालं. दोन दिवसांत केंद्राच्या दारात कॅमेरेवाल्यांची झुंबड उडाली. लांबलांबून माणसं आली. नाकाला रुमाल, डोळ्याला दुर्बीण. वर्तमानपत्रात फोटो आला, पिवळे पाय ठळक. तिचंही नाव आलं, नशीब की फोटो नाही. पोस्टमनकाकांना त्यांच्या सुनेनं चाकाच्या खुर्चीतून आणलं. त्यांना आता चालवत नव्हतं आणि डॉक्टरांनी थंडीत बाहेर काढू नका म्हटलं होतं. ताईनं त्यांच्या डोळ्याला दुर्बीण लावून धरली. ते कितीतरी वेळ बघत राहिले, मग खिशातून वही काढून त्यांनी नोंद केली आणि वही छातीशी धरली. “आता कधी बोलावणं आलं तरी हरकत नाही,” ते म्हणाले. सून रागावली, “काहीतरीच काय बोलता बाबा!”

भराव थांबला. महिनाभरानं पुन्हा सुनावणी, आणि तिथे ताईनं येऊन सांगायचं, असं ठरलं. गर्दीला कंटाळून साहेबांनी बाहेरच्यांना दार बंद केलं. तळ्यावर पुन्हा ती एकटीच उरली.

आणि गर्दीमुळे आणखी एक गोष्ट झाली. रसायनकोठीची एक नळी गेली दोन वर्षं गळत होती. पाणी निवळायला जे लोखंडी क्षार घालतात त्याचं द्रावण थेंबथेंब सहा नंबरच्या त्या कोपऱ्यात उतरायचं. तिनं दोनदा लेखी तक्रार केली होती. साहेबांनी दोन्ही कागद जपून फाइलला लावले होते. आता पत्रकार येऊन गेल्यावर नळी एका दिवसात दुरुस्त झाली. तिला मनापासून आनंद झाला. म्हटलं, चला, पक्ष्याच्या पायगुणानं एक काम तरी झालं.

दहा-बारा दिवसांनी ती एक नंबरच्या तळ्याजवळ बाटली भरत होती. तिथे स्वच्छ पाण्याची मोरी आहे. कुरव मोरीत पंख फडफडवून अंघोळ करत होता. तोच. डाव्या पंखात तीच खिंड. अंघोळ उरकून तो कठड्यावर चढून उभा राहिला, तिच्यापासून वीस पावलांवर, आणि तिला दुर्बिणीचीही गरज पडली नाही. पाय वर गुलाबी होते आणि खाली अजून पिवळे, जुने मोजे घसरावेत तसे.

भांडं तिच्या हातात तसंच राहिलं. मग तिनं आपल्या हाताकडे पाहिलं. प्रयोगशाळेत तेच लोखंडी द्रावण हाताळून तिच्या नखांच्या कडा पिवळ्या झाल्या होत्या. सव्वीस वर्षं होत्या. तो डाग साबणानं जात नाही, लिंबानं जात नाही, त्या द्रावणात हात घालणं थांबवलं तरी आठ-पंधरा दिवस हटत नाही. हे या शहरात तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? कॅमेरेवाल्यांना माफ होतं. वकिलांना माफ होतं. तिनं तर त्या गळतीची दोनदा तक्रार केली होती. त्याच कोपऱ्यात, त्याच पिवळ्या चिखलात तो पक्षी रोज उभा राहत होता, आणि तिच्या डोक्यात एकदाही आलं नाही.

का आलं नाही, हेही तिला कळत होतं, आणि तेच तिला जास्त खात होतं. तळं बुजणार नसतं तर तिनं चौथ्या दिवशी फोन केला असता का? नसता केला. महिनाभर ‘नक्की नाही’ लिहीत बसली असती. तिनं पाय पाहिले नव्हते, बुजण्यापासून वाचलेलं तळं पाहिलं होतं. स्वतःची इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती.

घरी दोन खोल्यांत ती आणि तिची थोरली बहीण अक्का. अक्काचे गुडघे गेलेले, जीभ मात्र ठणठणीत. रोज संध्याकाळी चहा ओतताना अक्का पाहुण्यांची चौकशी करावी तशी विचारायची, “मग, आज कोण आलं होतं? काय म्हणाले?” आणि ताई सांगायची, अमुक बदकं आली होती, घाईत होती, खाऊन लगेच गेली. हा त्यांचा वर्षानुवर्षांचा खेळ. त्या संध्याकाळी ताईनं चहा पुढ्यात घेऊन सगळं सांगितलं. अक्का आधी हसली. मग हसायची थांबली.

“तुझ्याशिवाय कुणी पाहिलंय?”

“नाही.”

“मग झालं तर. मूग गिळून गप्प बस.”

“अक्का, सोमवारी मला तिथे उभं करणार. सगळ्यांसमोर.”

“उभी राहा की. तू काय स्वतःसाठी खोटं बोलतेयस? चार हजार जिवांचा प्रश्न आहे असं तूच म्हणतेस. अगं, एका पाखराच्या पायांवर एवढं मोठं तळं तरतंय तर तरू दे की! तो कुरव काय तक्रार घेऊन येणारेय, माझे पाय गुलाबी म्हणून?”

ताईला हसू आलं आणि हसता हसता रडू फुटलं. अक्कानं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी ती वकिलांच्या कचेरीत गेली. वकिलांनी ऐकलं, उठून दार लावलं आणि परत येऊन बसले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खरोखर हळू होता.

“ताई, मी तुम्हाला खोटं बोला असं कधीच म्हणणार नाही. तुम्ही त्या दिवशी पिवळे पाय पाहिलेत?”

“पाहिले.”

“तेवढंच सांगा. अमुक तारखेला, अमुक वेळेला पिवळे पाय पाहिले. यात खोटा शब्द कुठे आहे? पुढचं कुणी विचारलं नाही तर आपण होऊन सांगायचं काही कारण नाही.” मग ते पुढे झुकले. “आणि एक लक्षात घ्या. तळं एकदा बुजलं की बुजलं. पुन्हा कुणी उकरून देणार नाही.”

चार दिवस तिचा जीव टांगणीला लागला. फेरीला जाताना ती सहा नंबरला आल्यावर मान खाली घालायची आणि तरी मोजायची. पाणलावे सतरा. शेकाटे दोनशे चाळीस. थापट्या बदकं सहाशे. त्यांच्यातल्या कुणालाच काही माहीत नव्हतं. शेवटी रविवारी तिनं ठरवलं, वकील म्हणतात तेवढंच बोलायचं. अक्कानं तिची बरी साडी काढून ठेवली.

सुनावणीची खोली लहान होती, पंखा कुरकुरत होता. अधिकारी वयस्कर, थकलेले, समोर फायलींचा ढीग. मंडळाची सात-आठ माणसं मागे बसली होती. वकिलांनी विचारलं ते तिनं सांगितलं: तारीख, वेळ, कोपरा, पिवळे पाय. सगळं सुरळीत झालं. वकील खाली बसले. अधिकाऱ्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, चष्मा काढला आणि अगदी सहज, जाता जाता विचारलं, “म्हणजे तो दुर्मिळ पक्षी या तळ्यावर आहे, हे तुम्ही नक्की सांगता?”

तिनं हात टेबलावर ठेवले होते. नखं समोरच होती.

“नक्की नाही,” ती म्हणाली.

मागे कुणीतरी हसलं, सवयीनं. तिनं गळकी नळी, चिखल, मोरी, गुलाबी पाय, सगळं सांगून टाकलं. वकील टेबलाकडे बघत बसले होते. अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग तिथे आहे तरी काय?”

पिशवीत तिची वही होती. तिनं ती उघडून वाचायला सुरुवात केली. या हिवाळ्याची, गेल्या हिवाळ्याची, त्याच्या आधीच्या हिवाळ्याची. शेकाटे, चिखले, तुतवार, बदकं. आकडे, नुसते आकडे, एकही वाढवलेला नाही. अधिकारी बराच वेळ ऐकत होते, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. मग त्यांनी हात वर केला. “बाई, तुमची मेहनत मला दिसतेय. पण हे सगळे नेहमीचेच ना?”

“हो,” ती म्हणाली. “नेहमीचेच.”

बाहेर जिन्यात वकील तिच्याजवळ थांबले. ती शिव्यांची तयारी ठेवून उभी होती. ते म्हणाले, “तुमच्या जागी मीही हेच केलं असतं, असं म्हणायला मला आवडलं असतं.” आणि जिना उतरून गेले. मंडळानं तिला काढलं वगैरे नाही. फक्त मोजणीच्या दिवशी फोन यायचे ते येईनासे झाले.

काकांना दुसऱ्या कुणाकडून कळायला नको म्हणून ती तशीच त्यांच्या घरी गेली. ते पलंगावर पडून होते, वही उशाशी. तिनं सांगितलं. म्हणाली, “काका, ती नोंद खोडावी लागेल. चुकले मी.”

काकांनी वही उघडली, ती ओळ शोधली. पेन मात्र हातात घेईनात. मग म्हणाले, “खरं सांगू का? मला पाय दिसलेच नव्हते गं. डोळ्यांत मोतीबिंदू आलाय, नुसतं पांढरं काहीतरी हलत होतं. तू नक्की म्हणालीस, म्हणून मी लिहिलं.”

त्यांनी पेन तिच्या हातात दिलं. तिनं पट्टी घेऊन सरळ रेघ मारली. या दोन महिन्यांत तिला सगळ्यात जड गेलं ते एवढंच.

भराव उन्हाळ्यात पडला. आधी पंपानं पाणी उपसलं, मग मातीच्या गाड्या, मग रूळ फिरवणारं यंत्र, मग काँक्रीट. ती रोज पाच बाटल्या भरून परत यायची. सहा नंबरची बाटली धुऊन, पुसून तिनं फडताळात उपडी ठेवली. काका पावसाळ्यात गेले. पुढच्या थंडीत कचऱ्याच्या गाड्या तिथे ओळीनं उभ्या राहू लागल्या आणि शहरातले रस्ते मोकळे झाले, लोकांनी समाधान व्यक्त केलं.

त्या थंडीतल्या एका सकाळी ती कठड्यावरून जात होती. गाड्या कामावर गेल्या होत्या, काँक्रीट रिकामं होतं. धुण्याच्या नळाखाली गाडीच्या चाकाएवढं डबकं साठलं होतं. त्याच्या कडेला एक कुरव उभा होता. मग तो चालायला लागला. जिथे पूर्वी रसायनकोठीचा कोपरा होता तिथपर्यंत गेला, थांबला, परत फिरला, परत तिथेच गेला. उडाला तेव्हा डाव्या पंखात एक पीस कमी दिसलं. उतरला तेव्हा उजव्या पायाचा पडदा फाटलेला. पाय स्वच्छ गुलाबी.

तिनं वही काढली. तारीख, वेळ, कुरव, एक. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, नक्की. आणि मग तिथेच, कठड्यावर, बाटल्यांची पेटी मांडीवर घेऊन बसून राहिली, प्रयोगशाळेतून कुणी हाक मारीपर्यंत.

संध्याकाळी अक्कानं चहा ओतला. गेलं वर्षभर तिनं तो खेळ बंदच ठेवला होता. त्या दिवशी ताईचा चेहरा बघून तिला काय वाटलं कोण जाणे, कप पुढे सरकवत तिनं विचारलं, “आज कोण आलं होतं?”

“तोच. गेल्या वर्षीचा.”

अक्कानं स्वतःचा कप भरला. मग जपून, हळूच म्हणाली, “काय म्हणाला?”

ताईनं कप उचलला, परत खाली ठेवला.

“काही नाही,” ती म्हणाली. “उतरायला जागा शोधत होता.”